ओ द्यायला उशीर

“शलाका!” मी हाक मारली.

पडद्यावरच्या बाईनं मान वर केली नाही. मी सांगितलं होतं म्हणून ती खाली बघून कागदावर लिहीत होती. फोन कोणी उचलत नाही म्हणून चिडलेल्या ग्राहकाला काय उत्तर द्याल, पाच ओळींत. टेबलाखाली माझ्या मांडीवर मोबाइलचं स्टॉपवॉच चालू होतं. एक सेकंद गेला, दोन गेले. तिचं पेन थांबलं, पण मान तशीच. चार झाले. मग तिनं एकदम आधी मागे दाराकडे वळून बघितलं आणि मग माझ्याकडे.

“मला हाक मारलीत का सर?”

“शलाका तुम्हीच ना?”

“हो. हो हो, मीच.” ती हसली. “मीच की.”

साडेचार सेकंद. मी आकडा टिपून घेतला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

याला आता पाच वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात माणसं भरती करून देणाऱ्या एका कंपनीत होतो. मोठ्या कंपन्यांना माणसं हवी असायची, आम्ही हजारभर अर्ज चाळून त्यांना पन्नास माणसं काढून द्यायचो. ऑफिसं पुन्हा उघडली होती, पण मुलाखती पडद्यावरच राहिल्या होत्या, आणि पडद्यावर आल्यापासून तोतयांचं पीक आलं होतं. अर्ज एकाचा, गुणपत्रिका त्याच्याच, आणि मुलाखतीला बसलेला भलताच कोणी हुशार माणूस. एका बहाद्दरानं तर एका आठवड्यात चार नावांनी चार मुलाखती दिल्या. शर्टसुद्धा बदलला नव्हता.

यावर तोड मी काढली होती. फोटो जुळवण्यात अर्थ नव्हता; ओळखपत्रावरच्या फोटोसारखा दिसणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, त्यात मीही आलो. पण नावाचं तसं नसतं. माणूस कामात गढलेला असताना त्याला नुसत्या नावानं हाक मारा, साहेब-मॅडम काही न लावता. नाव त्याचं असेल तर मान आपोआप वर येते. दुसऱ्याचं नाव घेऊन बसलेल्याला मात्र आधी आठवावं लागतं की आज आपण कोण आहोत. कॉलेजात मित्रांच्या नावानं मी स्वतः हजेऱ्या दिलेल्या आहेत, त्यामुळे तो अडखळा मला चांगला माहीत होता. ऑफिसातल्या चाळीस जणांवर मी प्रयोग केला. सगळे सेकंदाच्या आत वळले. मग मी मर्यादा ठरवली, दोन सेकंद. तिच्यापुढे जो गेला तो तोतया. दोन महिन्यांत असे अकरा जण पकडले आणि त्यातल्या नऊ जणांनी नंतर कबूलही केलं. उरलेल्या दोन बायका होत्या. त्यांचं काय, ते मी विचारलं नाही.

आमच्या प्रमुख मुजुमदार मॅडम या चाचणीला ‘तुषारची हाक’ म्हणायच्या. मला ते ऐकायला फार आवडायचं.

तर साडेचार सेकंद झाल्यावर ती मुलाखत माझ्या लेखी संपली होती. तरी मी पुढचा प्रश्न विचारला, कारण संशय आल्याचं उमेदवाराला कळू द्यायचं नाही असा नियम होता, आणि तोही मीच केलेला. तिची उत्तरं उत्तम होती, हे सांगायलाच हवं. चिडलेल्या ग्राहकाला तिनं पाच ओळींत असं काही शांत केलं होतं की त्याच्या जागी मी असतो तर तक्रार मागे घेतली असती. काम विमा कंपनीचं होतं, मराठी ग्राहकांशी बोलायचं, घरी बसून. त्या कामासाठी दोनशे मुलाखतींत इतकं चांगलं कोणी मला भेटलं नव्हतं. त्यामुळे तर माझा संशय आणखी पक्का झाला. पैसे घेऊन मुलाखती देणारे असेच तयार असतात.

ती कागदावरचं वाचून दाखवत असतानाच तिच्या मागून, आतल्या खोलीतून, एका म्हातारीची हाक आली. “मधुरा! ए मधुरा!”

शब्द पुरा व्हायच्या आत ती उठलेली होती. खुर्ची मागे पडली. “आले, आले,” ती ओरडली, आणि मग मला घाईघाईनं, “एकच मिनिट सर, प्लीज,” म्हणून आवाज बंद करून आत गेली.

पडद्यावर नुसती पोपटी भिंत आणि खुंटीला टांगलेलं लहान मुलीचं दप्तर उरलं. मी खुर्चीत रेलून बसलो. नाव शलाका दत्तात्रय कुंभोजकर आणि ओ देते ‘मधुरा’ला! तोतया इतका सरळ हातात सापडलेला मी पाहिला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी अंगठा वर करून दाखवला.

ती परत आली, खुर्ची उचलली, ओढणी सारखी केली. “माफ करा सर. घरात जरा... तुम्ही काहीतरी विचारत होता.”

“माझं झालं. तुम्हाला काही विचारायचंय?”

“एकच.” ती पडद्याच्या जवळ आली आणि तिचा आवाज खाली गेला. “निवड झाली तर पत्र शनिवारपर्यंत मिळेल का?”

“एवढी घाई कशाला?”

“सांगलीत नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह आहे. तिथं एक खोली रिकामी होतेय, आणि लहान मूल चालतं त्यांना. पण नोकरीचं पत्र लागतं. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत नाही दाखवलं तर खोली दुसरीला देणार आहेत.”

“पण हे काम तर घरूनच करायचंय.”

“घरूनच करीन सर,” ती म्हणाली. “या घरून नाही.”

हे वाक्य मला आज जसंच्या तसं ऐकू येतं. त्या दिवशी, बुधवारी, मी अर्जावर शेरा मारला: ‘पत्राची अनावश्यक घाई. संशयास्पद.’

आमच्या अर्जात दुसरा फोन नंबर दिल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नसे. उमेदवार खरा की खोटा हे घरच्यांकडून पडताळता यावं म्हणून केलेली ती सुधारणा होती. गुरुवारी सकाळी मी तिच्या दुसऱ्या नंबरवर फोन लावला. तासगावचं घर.

“शलाका कुंभोजकर आहेत का?”

मागे कुकरची शिट्टी झाली.

“कोण पाहिजे?” म्हातारीचा आवाज. कालचाच.

“शलाका. शलाका कुंभोजकर.”

“या घरात त्या नावाचं कोणी न्हाई.” प्रत्येक शब्द सुटा. मग म्हणाली, “तुम्ही कोण? काय काम होतं तिच्याकडं?”

‘तिच्याकडं’ हा शब्द माझ्या कानावरून नुसता गेला. त्या नावाचं कोणी नाही म्हणणारी बाई ‘तिच्याकडं’ असं का म्हणेल, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी माझं नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं, आणि काल तुमच्या घरातून एका बाईंनी या नावानं नोकरीची मुलाखत दिली, एवढंही सांगून मोकळा झालो.

“मुलाखत,” म्हातारी म्हणाली. “किती वाजता?”

“दुपारी अडीचला.”

“अस्सं,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी लिहिलं: ‘घरच्यांनी ओळख नाकारली. तोतया निश्चित.’ संध्याकाळी तिला नकाराचा संदेश आपोआप गेला. मुजुमदार मॅडमनी मुलाखतीचं रेकॉर्डिंग बघितलं आणि माझी पाठ थोपटली. शनिवारी चारला विमा कंपनीचे लोक आमची नवी पद्धत बघायला येणार होते. ती त्यांना आवडली असती तर वर्षभराचं काम आम्हालाच मिळणार होतं. “हेच दाखवू,” मॅडम म्हणाल्या. “त्या नावाला बसून राहते आणि या नावाला खुर्ची पाडून उठते! याहून स्पष्ट काय असतं?”

शुक्रवारी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“फडतरे सर का? मी शलाका. बुधवारची.”

“मॅडम, तुमचा अर्ज बाद झालाय. कारण आम्ही सांगत नाही.”

“कारण कळलंय मला. तुम्ही घरी फोन केला होता.” ती धापा टाकत होती. “माझा फोन काढून घेतलाय सर. हा बेकरीतला आहे, तुमचा नंबर कागदावर लिहून ठेवला होता. दोन मिनिटं ऐकाल?”

“तुम्ही शलाका कुंभोजकर नाही आहात,” मी म्हणालो. असं तोंडावर सांगायला मला कधी मिळायचं नाही, त्यामुळे जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

ती म्हणाली, “तसं बघितलं तर नाहीच सर. नऊ वर्षं झाली.”

“म्हणजे?”

“लग्नात नाव बदललं माझं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितात ना, तसं यांनी लिहिलं. मी समोर बसलेली, मला उलटं दिसत होतं. वाचताच आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यावर मी शेजारणीला विचारलं, काय लिहिलंय म्हणून. तेव्हापासून मधुरा. कागद तेवढे जुन्या नावाचे राहिले, कारण कागद लागतील असं काही मला करूच दिलं नाही.”

“पण मी हाक मारली तेव्हा तुम्ही...”

“आईबाबा गेल्यापासून त्या नावानं कोणी हाकच मारलेली नाही सर. तुम्ही मारलीत तेव्हा आधी वाटलं, बाहेर कोणीतरी कोणाला तरी बोलावतंय. मग वाटलं, अगं, ही तर आपल्या ओळखीची आहे.” ती थोडंसं हसली. “मग कळलं.”

बेकरीतला माणूस मागे कोणाला तरी पाव मोजून देत होता.

“वसतिगृहाच्या वॉर्डनबाई चांगल्या आहेत,” ती म्हणाली. “पत्र हातात नसलं तरी तुम्ही फोनवर हो म्हणालात तर खोली देते म्हणाल्यात. तुमचा नंबर दिलाय मी त्यांना. उद्या मुलीला घेऊन निघतेय. परत जाता येणार नाही आता, कालचं झाल्यावर.”

“काल काय झालं?”

“ते असू द्या सर. उद्यापर्यंत काढते मी. तुम्ही तेवढं बघा.”

फोन ठेवल्यावर मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मंगळसूत्र होतं. काळे मणी ओढणीतून चांगले दिसत होते. मुलाखतीत चेहऱ्याच्या खाली बघायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं होतं, म्हणून मी बघितलंच नव्हतं. अर्जातला विवाहित-अविवाहित हा रकानाही आम्ही आधीच्या वर्षी काढून टाकला होता, बायकांवर अन्याय नको म्हणून. त्या सुधारणेचं कौतुक वर्तमानपत्रात छापून आलं होतं. मी हाक मारतो तिथं येऊन थांबलो. पेन थांबतं, मान खाली, आणि तिचे ओठ किंचित हलतात. ती ते नाव स्वतःशी म्हणून बघत होती. बुधवारी मी फक्त घड्याळ बघत होतो.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

“मॅडम, ती तोतया नाही. लग्नात नाव बदललंय तिचं.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझंही बदललंय,” त्या म्हणाल्या. “माहेरची मी कुंदा.”

“मग तुम्हाला कळलं नाही बघताना?”

“मी दोन्ही नावांना वळते रे. माझ्याकडे दोन्हीकडची माणसं होती.” त्या खिडकीकडे बघत होत्या. “कळायला हवं होतं. मला तरी.”

“मग आज पत्र देऊ या. उद्या सहाच्या आत लागतंय तिला. घर सोडून निघतेय ती, मूल घेऊन.”

“आज हिचं प्रकरण मागे घेतलं तर अकराच्या अकरा उघडतील, तुषार. आणि उद्या ते लोक येतायत.” त्यांचा आवाज पुन्हा ऑफिसातला झाला. “सोमवारी. सोमवारी सकाळी पहिलं काम. शब्द देते.”

“निदान तिचं रेकॉर्डिंग तरी नको दाखवायला.”

“दुसरं एवढं स्पष्ट आहे आपल्याकडे?”

नव्हतं. मी भांडलो, असं सांगायला मला आवडलं असतं. मी “ठीक आहे” म्हणालो. आणि खरं सांगायचं तर केबिनच्या बाहेर पडताना मला हायसं वाटलं होतं. चूक माझी होती, पण ती सोमवारपर्यंत कोणाला दिसणार नव्हती. दोन दिवस कुठंही निघतात, असं मी स्वतःला समजावलं. तिला उलटा फोन करून तसं सांगावं, तर तो नंबर बेकरीचा होता. तेवढंच निमित्त मला पुरलं.

शनिवारी चारला विमा कंपनीचे चौघे आले. चहा झाला, बिस्किटं झाली. मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा लागला, आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा. मी हातात काठी घेऊन शाळामास्तरासारखा उभा होतो. “आता बघा,” मी म्हणालो. माझा रेकॉर्ड केलेला आवाज खोलीत घुमला, “शलाका!” आणि कोपऱ्यात सेकंदांचे आकडे पळायला लागले. चौघंही पुढे वाकून बघत होते. मग “मधुरा! ए मधुरा!” आलं, खुर्ची पडली, आणि सगळे खळखळून हसले. मीही हसलो. इतकी वर्षं झाली, पण त्या हसण्याची मला लाज वाटते.

त्याच वेळी खिशातला फोन थरथरला. सांगलीचा नंबर. “एक मिनिट” म्हणून मी बाहेर आलो. मधे काचेचा दरवाजा होता.

“फडतरे साहेब काय? मी मगदूम बोलते, सांगलीहून. महिला वसतिगृहाची वॉर्डन.” बाईंचा आवाज मोकळा, खणखणीत. “शलाका कुंभोजकर म्हणून एक बाई आल्यात बघा, लेकीला घेऊन. म्हणत्यात, तुमच्याकडं नोकरी लागलीय. पत्र काय जवळ नाही त्यांच्या. लागलीय का नाही तेवढं सांगा, म्हणजे मी खोलीची किल्ली देते.”

‘हो’ म्हणायला काही लागत नाही. सोमवारी ते खरंच होणार होतं. दोन दिवस आधी म्हटलं असतं तर ते खोटंसुद्धा ठरलं नसतं. पण काचेतून मला मोठ्या पडद्यावर थांबवलेलं तिचं चित्र दिसत होतं, आणि त्याच्या खाली तांबड्या अक्षरांत मीच घातलेला शब्द, ‘तोतया’. ज्या बाईला मी आत तोतया ठरवत होतो तिला बाहेर येऊन नोकरी लागली म्हणायचं आणि नंतर कोणी विचारलं तर काय सांगायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

“त्यांचं प्रक्रियेत आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे काय?”

“म्हणजे सोमवारी होईल.”

“सोमवारचं सोमवारी बघू की साहेब. आज लागलीय का?”

आतून मॅडमनी काचेवर पेन वाजवलं आणि दोन बोटांनी मला बोलावलं.

“आजच्या तारखेला तसं... सांगता येणार नाही.”

फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला होता, कारण मागून एका लहान मुलीचा आवाज आला. “आई, आपण वर कधी जायचं?” “थांब हं,” कोणीतरी म्हणालं. आणि मग जरा लांबून, आवाज अजिबात न चढवता, “सर, नुसतं हो म्हणा ना.”

“सोमवारी,” मी म्हणालो. “सोमवारी नक्की. पहिलं काम.” आणि आत माणसं खोळंबली होती म्हणून मी फोन कापला.

वर्षभराचं काम आम्हाला मिळालं. ती हाक पुढे तीन वर्षं सगळीकडे वापरली गेली, मी सोडून गेल्यावरसुद्धा.

मुजुमदार मॅडमनी शब्द पाळला. सोमवारी सव्वादहाला पत्रावर त्यांची सही झाली होती. शलाका दत्तात्रय कुंभोजकर, ग्राहक सेवा प्रतिनिधी, रुजू होण्याची तारीख एक. मी मेल पाठवला, पण मेल बघायला तिच्याकडे फोन नव्हता हे मला माहीत होतं. रविवारभर मी घरात कोणाशी धड बोललो नव्हतो. वसतिगृहाचा नंबर लावताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. आधी माफी मागायची, मग पत्राचं सांगायचं, की आधी पत्राचं सांगायचं.

“मगदूम मॅडम, मी फडतरे, पुण्याहून. शलाका कुंभोजकरांचं पत्र तयार झालंय. त्या आहेत का तिथं?”

“कोण, ती शनिवारची?” बाई हसल्या. “अहो साहेब, ती कुठली शलाका! तुम्हाला पण तसंच सांगितलं काय तिनं?”

“काय झालं?”

“तुमचा फोन झाला, सहा वाजले, खोली मी दुसऱ्या बाईला दिली. नियम हाय तो. पण ही काय बाकावरनं उठेचना. सात वाजले, पोरगी भुकेजली. मी म्हटलं, घरच्या कोणाला तरी बोलवावं. तर बाई नंबर सांगायला तयार नाही. मग मी पोरीला पुडा फोडून दिला बिस्किटाचा आणि विचारलं, पप्पांचा नंबर येतो काय गं तुला? शाळेत पाठ करून घेत्यात ना हल्ली. घडाघडा म्हणून दाखवला पोरीनं. लई हुशार पोरगी.”

मी खाली बसलो.

“तासाभरात आला नवरा गाडी घेऊन,” बाई सांगत होत्या. “काय सभ्य माणूस हो! हात जोडून माफी मागितली माझी. म्हणाला, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, भलत्याच बाईचं नाव सांगत फिरते. मला आधी खरं वाटंना. पण आमच्याकडं वहीत सही करावी लागते, येताना आणि जाताना. येताना हिनं लिहिलंय शलाका कुंभोजकर. जाताना नवऱ्यानं वहीवर बोट ठेवलं, तर लिहिलं मधुरा, पुढं त्याचं नाव, त्याचं आडनाव. माझ्या डोळ्यांदेखत.”

“काही बोलल्या नाहीत त्या?”

“काय बोलणार? मी विचारलं की तोंडावर, मग ही शलाका कोण बाई? तर म्हणाली, मला माहीत नाही. आणि पोरीचा हात धरून गाडीत जाऊन बसली.” बाईंनी सुस्कारा सोडला. “असली माणसं आत घेतली तर आमच्या संस्थेचं नाव खराब व्हायला वेळ लागत नाही साहेब. तुम्ही त्या दिवशी हो म्हणाला नाहीत, लई उपकार झाले. नायतर मी दिली असती की किल्ली.”